पिवळी गाडी आणि एकमताचा ठराव

गेटवर गतिरोधक बांधायचा ठराव सोसायटीच्या सभेत एकमतानं मंजूर झाला, आणि तो मांडला होता खुद्द सेक्रेटरीसाहेबांनी, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं जे काही रामायण झालं त्यात तुम्ही उगाच खजिनदारांना नावं ठेवाल. खजिनदारांना नावं ठेवण्यासारखं पुष्कळ आहे, पण तो विषय वेगळा.

सेक्रेटरीसाहेब म्हणजे आमच्या चार मजली इमारतीचे मानद सेक्रेटरी. पोटासाठी ते एका विमा कचेरीत हेडक्लार्क होते, पण ते काम त्यांच्या लेखी जोडधंदा. खरं काम इमारतीचं. कुणी जिन्यात चप्पल काढली, की कलम. कुणी गॅलरीतून सतरंजी झटकली, की पोटकलम. पाठीमागं लोक त्यांना कलमराव म्हणत. इमारतीच्या नियमांचं पुस्तक त्यांनी स्वतः लिहिलेलं, स्वतः टाइप केलेलं आणि स्वतः दारोदार नेऊन वाटलेलं. ते आपल्याशिवाय कुणी उघडूनही बघितलेलं नसेल, अशी शंका त्यांना कधी शिवली नाही. भाबडा माणूस हो! वरून कडक, पण भाबडाच.

तर अशा माणसाच्या दारात इटलीची गाडी आली. गाडी त्यांची नव्हे, वहिनींची. सेक्रेटरीसाहेबांच्या थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, तरुणपणी परदेशात नोकरीला असताना सगळी शिल्लक घालून ती घेतली होती. तेव्हा तिला कुत्रं विचारत नव्हतं. आता ती नवी राहिली नव्हती आणि धड म्हातारीही झाली नव्हती. या वयाच्या गाड्यांना म्हणे 'मॉडर्न क्लासिक' म्हणतात आणि त्यांच्यावर लोक जीव टाकतात. सेक्रेटरीसाहेब स्वतः साधारण त्याच अवस्थेत होते, पण त्यांच्यावर जीव टाकणारं अजून कुणी भेटलं नव्हतं.

गाडी पिवळीधमक, जेमतेम कमरेएवढी उंच, आणि पोट जमिनीला टेकतंय की काय असं वाटावं इतकी बसकी. दादानं ती भाड्याच्या गॅरेजात ठेवली आणि जन्मभर दर रविवारी पुसली. चालवली मात्र नाही. चालवली की मीटर पुढं जातो आणि मीटर पुढं गेला की किंमत खाली येते, हे त्याचं शास्त्र. रविवारी जायचा, पुसायचा, इंजिन सुरू करून डोळे मिटून ऐकायचा, बंद करायचा आणि घरी यायचा. वहिनी जेवायच्या थांबलेल्या असायच्या. दादा गेला, गाडी उरली, आणि मग गॅरेजच्या मालकाला जागा हवी झाली.

वहिनींना ती विकायची होती. त्या एका बेकरीत कामाला होत्या. पहाटे जाऊन भट्टी पेटवायच्या, पाव भाजायच्या, दुपारी गल्ल्यावर बसायच्या. बेकरीचे मालक थकले होते आणि मुलीकडं राहायला जायचं म्हणत होते. "पहिला हक्क तुमचा," ते वहिनींना म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत थांबतो. पुढं नाही जमायचं, तो मोबाइलच्या दुकानवाला रोज येऊन बसतोय." वहिनींनी आयुष्यात स्वतःसाठी म्हणून काही मागितलेलं कुणाला आठवत नव्हतं. ही बेकरी मात्र त्यांना हवी होती. इतकी हवी होती, की तिच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळं कसं नियमानं करता. तुम्हीच विकून द्या."

सेक्रेटरीसाहेबांना भरून आलं. नियमाबद्दल त्यांचं कौतुक करणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. "वहिनी, महिनाअखेरच्या आत बेकरी तुमची," ते म्हणाले, आणि शब्द देऊन बसले.

गाडी ट्रकवरून आली. गेटावर इमारतीच्या नावाची कमान असल्यानं ट्रक आत येईना, म्हणून गाडी रस्त्यावरच उतरवली आणि ढकलत ढकलत आवारात आणली. सगळी इमारत गॅलरीत. खाली उतरून बघायला आले ते सल्ले घेऊनच आले. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "बसायचं कसं हिच्यात?"

"उतरून," सेक्रेटरीसाहेब म्हणाले.

"मी चढायचं विचारतोय."

"चढता येत नाही. उतरावंच लागतं. आत."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ही गाडी कमरेच्या मणक्याला घातक आहे. शेअरबाजारवाले म्हणाले, विकू नका, धरून ठेवा. ते कुठल्याही गोष्टीबद्दल हेच म्हणत, आणि त्यांचं घर त्यामुळंच जुन्या रद्दीनं भरलेलं होतं. सेक्रेटरीसाहेबांच्या बायकोनं घरातली जाड सोलापुरी चादर आणून गाडीवर टाकली, ती अर्ध्यातच संपली, म्हणून दुसरी टाकली. मग मात्र मुख्याध्यापकांनी कुठूनतरी माहिती काढली, की ही गाडी ताशी तीनशे किलोमीटर वेगानं धावते. झालं! "आपल्या आवारात मुलं खेळतात हो!" असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. गाडी ढकलून आणलेली, उभी केलेली, दोन चादरी पांघरलेली. तरी मुलांच्या आया तिच्याकडं अशा बघायच्या, की जणू ती रात्री साखळी तोडून सुटणार आहे.

इथं दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "अहो, चालवायचीच नाहीये, विकायचीये." पण सेक्रेटरीसाहेबांना लागलं. आपल्या घरची गाडी आहे म्हणून आपण डोळेझाक करतो, असं उद्या कुणी म्हटलं तर? म्हणून त्यांनी स्वतः सभा बोलावली, स्वतः ठराव मांडला: गेटवर गतिरोधक बांधावा. टाळ्या पडल्या. खजिनदार पुढच्या रांगेत होते. जिन्यातल्या त्यांच्या कुंड्या सेक्रेटरीसाहेबांनी कलम लावून हलवल्या होत्या, तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. पण त्या दिवशी खजिनदारांनीसुद्धा हात वर केला. सेक्रेटरीसाहेबांना तो दिवस आपल्या कारकिर्दीतला सोन्याचा दिवस वाटला.

गवंडी आला. "केवढा करायचा?" त्यानं विचारलं.

"चांगला करा. कामचलाऊ नको. ठराव आहे."

गवंड्यानं चांगला केला. इतका चांगला, की पोस्टमन सायकलवरून उतरून चालत यायला लागला. आणि सिमेंट मुरावं म्हणून रोज सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी सेक्रेटरीसाहेब स्वतः बादली घेऊन त्यावर पाणी मारत. कुणाला सांगितलं नाही, कुणावर सोपवलं नाही. बायको गॅलरीतून बघायची आणि म्हणायची, "कुंडीतल्या तुळशीला कधी घातलंत का इतक्या प्रेमानं?"

आता विक्री. विक्रीआधी गाडी वहिनींच्या नावावर व्हायला हवी, आणि त्यासाठी वाहन कार्यालयाचा तपासनीस येऊन गाडी बघून गेला पाहिजे. तो आला. कपाळावर आठ्या, बगलेत पॅड. त्यानं पुढचं झाकण उघडायला लावलं. आत छोटासा खड्डा, त्याला काळं कापड लावलेलं, आणि त्यात दादाचा पुसायचा पिवळा फडका. तपासनिसानं फडका उचलून बघितला, त्याखालीही काही नव्हतं. त्यानं पॅडवर लिहिलं: 'इंजिन आढळले नाही.'

"अहो, मागं आहे!" सेक्रेटरीसाहेब ओरडले.

"मागं डिकी असते."

"हिची डिकी पुढं आहे. इंजिन मागं आहे. या, दाखवतो."

तपासनिसानं मागचं झाकण उघडलेलं बघितलं. आत मोठ्ठं इंजिन होतं, चकचकीत, बाराही महिने पुसलेलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आहे खरं. पण छापील कागदावर इंजिन वर आणि डिकी खाली असा क्रम आहे. पुढं बघितलं तेव्हा नव्हतं, तसं मी लिहिलंय. शाईनं लिहिलेलं खोडता येत नाही."

"मग इंजिनाशिवायची गाडी कशी विकणार? तिला भंगार म्हणतील!"

या नियमाच्या माणसापुढं सेक्रेटरीसाहेब घायकुतीला आले होते. पण आतल्या आत त्यांना त्याचा आदरही वाटत होता. शाईनं लिहिलेलं त्यांनीही कधी खोडलं नसतं. दोघांनी चहा घेतला, दोघांनी खाली वाकून वाकून विचार केला, आणि शेवटी तपासनिसानंच वाट काढली. खालच्या बाजूला 'डिकीत आढळलेले सामान' असा एक रकाना होता. त्यात त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'इंजिन, नग एक, चालू स्थितीत.' शिक्का मारला आणि समाधानानं गेला.

पुढच्याच आठवड्यात गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक म्हणजे एक संग्राहक. गाड्या जमवणं हाच त्यांचा छंद, आणि छंदाला साजेल असं वागणं. गाडीला हात लावण्यापूर्वी त्यांनी पांढरे हातमोजे घातले. चादरी स्वतः हळूच बाजूला सारल्या आणि "अहाहा!" म्हणाले. सेक्रेटरीसाहेबांच्या बायकोला वाटलं, चादरींना म्हणाले. संग्राहकांनी मीटर बघितला आणि डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. इतकी कमी चाललेली गाडी त्यांनी कुठं बघितलीच नव्हती.

"घेतली," ते म्हणाले. "पण एक अट. मीटरवर हा जो आकडा आहे, तोच राहायला हवा. जेवढा पुढं सरकेल तेवढे पैसे मी कमी करणार. करारात तसं लिहितो. गाडी चालवायची नाही, ढकलत ट्रकपर्यंत न्यायची. महिन्याच्या शेवटच्या तारखेला माझा ट्रक बाहेर उभा राहील. त्या दिवशी मिळाली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या गावात मला दुसरी बघायचीय."

ठरलं! सेक्रेटरीसाहेबांनी मनातल्या मनात बेकरीची पाटीसुद्धा रंगवली. संग्राहक निघाले, गेटापाशी गेले, आणि थांबले. खाली वाकले. गतिरोधकाला वीत लावून बघितली, मग मागं येऊन गाडीच्या पोटाखाली वीत घालायला गेले. वीत जाईना. बोटं गेली.

"हे कुणी बांधलं?" त्यांनी विचारलं. "गाढवपणा आहे नुसता. याच्यावरून ही गाडी जन्मात जायची नाही."

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "सोसायटीनं." हे बोलताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सोसायटी नावाची गोष्ट परकी वाटली.

गतिरोधक काढायला हवा होता, म्हणजे ठराव मागं घ्यायला हवा होता. सभा भरली. खजिनदार पुन्हा पुढच्या रांगेत, यावेळी मांडीवर मांडी टाकून. "काढायला आमची काय हरकत असणार?" ते गोड आवाजात म्हणाले. "पण तुमचं पुस्तक काय म्हणतं? आम्ही आपले अडाणी. तुम्हीच वाचून दाखवा."

आणि सेक्रेटरीसाहेबांनी वाचून दाखवलं! खोटं बोलायचं, पान उलटायचं, चष्मा विसरलो म्हणायचं, काहीही करता आलं असतं. पण नाही. खणखणीत आवाजात त्यांनी वाचलं: एकदा मंजूर झालेला ठराव एक वर्षाच्या आत कोणत्याही कारणास्तव मागे घेता येणार नाही. लिफ्टच्या रंगावरून एकदा लोकांनी तीनदा मत बदललं होतं, तेव्हा चिडून त्यांनीच ते कलम घातलं होतं.

"मग झालं तर," खजिनदार म्हणाले आणि उठले.

घरी येऊन सेक्रेटरीसाहेबांनी अर्ज लिहायला घेतला. अपवाद म्हणून परवानगी मिळावी, असा. 'प्रति, मा. सेक्रेटरी' असं वर लिहिलं, खाली अर्जदार म्हणून सही केली. मग उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, चष्मा पुसला, अर्ज वाचला, आवक क्रमांक टाकला आणि विचार करू लागले. बायको भाजी निवडत बसली होती.

"काय चाललंय?"

"थांब. विचाराधीन आहे."

बराच वेळ विचाराधीन राहिला. शेवटी त्यांनी लाल शाईनं त्यावर लिहिलं: 'नियमात बसत नाही. नामंजूर.' आणि पुन्हा या बाजूला येऊन बसले, तेव्हा चेहरा खरोखर पडलेला होता.

"अहो, स्वतःच स्वतःला नाही म्हणालात?" बायकोनं भाजी खाली ठेवली. "निदान थोडं अडखळायचं तरी!"

"मला काय कमी वाईट वाटलं?" ते कळवळून म्हणाले. "अर्जदाराची बाजू मला सगळी पटलेली होती."

वहिनी त्याच वेळी आल्या होत्या, दाराशीच उभ्या होत्या. हाताला पीठ, कानशिलावरही पीठ. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे भाऊजी. या गाडीसाठी थांबायची मला सवय आहे. बेकरी नाही तर नाही."

आणि मग चहासुद्धा न घेता गेल्या. सेक्रेटरीसाहेब त्या रात्री जेवले नाहीत. नियम पाळून माणूस कुणाचं तरी भलं करतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. वहिनींच्या त्या हसण्यानं ती समजूत पार खिळखिळी झाली.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. ट्रक बाहेर येऊन उभा राहिला, संग्राहक हातमोजे घालून उभे राहिले, आणि त्यांचा मेकॅनिक गाडीला नवी बॅटरी बसवून इंजिन ठीक आहे ना ते ऐकू लागला. सगळी इमारत खाली. सेक्रेटरीसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले, हातात एक कागद. त्यांनी तो खजिनदारांपुढं धरला.

"राजीनामा आहे माझा. सेक्रेटरीपदाचा."

एवढी वर्षं लोकांनी मनात धरलेली ती गोष्ट. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, एवढं कशाला?" पण हो म्हणणारे हात मात्र भराभरा वर झाले. जागच्या जागी खजिनदार नवे सेक्रेटरी झाले. सोसायटीच्या इतिहासात इतकं झटपट काम आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालेलं नाही.

"आता तुमच्याकडं अर्ज करतो," माजी सेक्रेटरीसाहेब म्हणाले. रात्रभर बसून त्यांनी युक्तिवाद तयार केला होता, कलमांचे आधार काढले होते, खजिनदार काय म्हणतील आणि आपण काय उत्तर देऊ याची टिपणं केली होती. "गतिरोधक काढण्यास परवानगी..."

"फोडा की," खजिनदार म्हणाले.

"पण ते कलम... एक वर्षाच्या आत..."

"कुठलं कलम? त्या दिवशी तुम्ही वाचलं म्हणून कळलं मला. पुस्तकात काहीतरी आडवं येणार एवढा अंदाज होता, ते तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, ऐकलं. कुंड्यांचं फिटलं. आणा तो घण."

सेक्रेटरीसाहेबांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपलं पुस्तक कुणी वाचलंच नाही, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि इस्त्रीच्या शर्टात ते एकदम बारके दिसायला लागले.

घण आला. खजिनदारांनी पहिला घाव घातला. टण्णकन् आवाज झाला आणि घण उसळून मागं आला. मग शेअरबाजारवाल्यांनी घातला, मग वॉचमननं, मग मुख्याध्यापकांनी नुसतंच "असा नाही, असा" म्हणून दाखवलं. गतिरोधकाचा टवकाही उडाला नाही. रोज सकाळी बादलीनं पाणी पाजलेलं सिमेंट ते. ते कसलं फुटतंय!

"असलं पक्कं काम मी बघितलं नाही," घामाघूम खजिनदार म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात सेक्रेटरीसाहेबांबद्दल आदर होता. पण आदराचा या घडीला उपयोग काय? संग्राहक घड्याळ बघत होते.

तेव्हा सेक्रेटरीसाहेबांची बायको पुढं झाली. "अहो, फुटत नाही तर राहू द्या. चढ उभा आहे म्हणून अडतंय ना? लांबवर टेकू देऊन उतार करा. घरातल्या फळ्या आणा सगळ्यांनी."

सामाईक जागेत फळ्या ठेवणं नियमाविरुद्ध होतं. सगळ्यांनी क्षणभर सेक्रेटरीसाहेबांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली आणि आपल्याच घरातलं कपाटाचं दार काढायला गेले. मग काय, इमारत रिकामी व्हायला लागली. पलंगाच्या फळ्या आल्या, पाट आले, डॉक्टरीणबाईंच्या तपासणीच्या खोलीतलं जुनं दार आलं, शेअरबाजारवाल्यांची धरून ठेवलेली रद्दी गठ्ठ्यागठ्ठ्यांनी आली आणि पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आली. खजिनदारांनी कुंड्या ठेवायची फळी आणली आणि सेक्रेटरीसाहेबांच्या हातात दिली. दोघांनी ती मिळून लावली. गतिरोधकाच्या अलीकडं आणि पलीकडं असा लांबलचक उतार तयार झाला, त्यावर बायकोनं त्या दोन चादरी अंथरल्या.

गाडी ढकलली. एकानं "डावीकडं" म्हणावं, दुसऱ्यानं "उजवीकडं", मुख्याध्यापकांनी "सावकाश!" म्हणून ओरडावं. संग्राहक डोळे घट्ट मिटून उभे. फळ्या करकरल्या, एक पाट मोडला, गाडीचं नाक वर झालं, पोट चादरीवरून अलगद घसरलं, आणि पिवळी गाडी रस्त्यावर आली. एकही चरा नाही. लोकांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या, की समोरच्या इमारतीतलीही माणसं बाहेर आली.

वहिनी बेकरीतून धावतपळत सही करायला आल्या त्या तेवढ्यात. अंगावर पिठानं माखलेला एप्रन तसाच. करारावर सही करायला त्यांनी पेन हातात घेतलं, गाडीकडं बघितलं, आणि पेन खाली ठेवलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मी हिच्यात कधी बसले नाहीये."

संग्राहकांनी पेन उचलून पुन्हा त्यांच्यापुढं धरलं.

"एकदासुद्धा नाही. हे म्हणायचे, सीटचं कातडं दुमडेल. म्हणायचे, मीटर पुढं जाईल. मी म्हटलं, बरं." त्या संग्राहकांकडं वळल्या. "एक चक्कर मारली तर किती कमी कराल?"

संग्राहकांनी आकडा सांगितला. आकडा ऐकून खजिनदारांनी "बाप रे!" म्हटलं.

"म्हणजे बेकरी राहते, पण पीठ मळायचं नवं यंत्र जातं," वहिनी हिशेब लावून म्हणाल्या. आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं. "जाऊ दे. हात आहेत. चला भाऊजी, चालवा."

सेक्रेटरीसाहेबांनी आजवर स्वतःची छोटी जुनी गाडी सोडून दुसरं काही चालवलं नव्हतं. ते आत उतरले. वहिनी आत उतरल्या. त्या सीटच्या काळ्या कातड्यावर पिठाचा पांढरा पंजा उमटला आणि संग्राहकांनी "नको, नको" म्हणून तोंड फिरवलं. क्लच इतका कडक, की सेक्रेटरीसाहेबांना दोन्ही पायांनी दाबावासा वाटला. गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली, आणि तिसऱ्यांदा डरकाळी फोडून निघाली. निघाली म्हणजे काय, रिक्षा मागून पुढं गेली. ताशी तीनशेची गाडी सेक्रेटरीसाहेब विसावर चालवत होते, आणि वळणाच्या कितीतरी आधीपासून सिग्नल देत होते.

आत कमालीचं उकडत होतं. बाहेरचं काही धड दिसत नव्हतं, दिसत होती ती इतर गाड्यांची चाकं. वहिनींचे गुडघे हनुवटीशी आले होते. त्या म्हणाल्या, "भाऊजी, यापेक्षा आमच्या बेकरीचा टेम्पो बरा."

"हो ना," सेक्रेटरीसाहेब घाम पुसत म्हणाले.

"याच्यासाठी?" वहिनी म्हणाल्या. "याच्यासाठी मला बसवलं नाही होय यांनी? अहो, काय ही गाडी! पाय ठेवायला जागा नाही हिच्यात!" आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसू थांबेना. नवऱ्यावरचा इतक्या वर्षांचा राग आणि त्याची आठवण एकदम उफाळून आली होती, आणि त्यातलं कुठलं काय हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. "रविवारचा इथं येऊन डोळे मिटून बसायचा वेडा माणूस! मला बोलवायचं ना! मीही मिटले असते!"

दादा गेल्यापासून सेक्रेटरीसाहेब रडले नव्हते. आता गाडी चालवताना रडणं नियमाविरुद्ध आहे की नाही, हे त्यांना आठवेना, म्हणून ते थोडंसं रडले.

चक्कर पुरी करून ते गेटापाशी आले. संग्राहक किल्लीसाठी हात पुढं करून उभेच होते. इमारत त्यांच्यामागं उभी होती. वहिनींनी काच खाली केली.

"उतरा बाई. ट्रक थांबलाय," संग्राहक म्हणाले.

वहिनी उतरल्या नाहीत. त्यांनी सीटवर पाठ टेकली आणि पिठाचे हात मांडीवर ठेवले.

"आणखी एक चक्कर," त्या म्हणाल्या.

"अहो, आणखी पैसे कमी होतील!"

"होऊ द्या. सही अजून केलेली नाही मी. अजून माझी गाडी आहे." आणि मग दुसरीकडं वळून, "भाऊजी, आता जरा पळवा की!"

भाऊजींनी पळवली. कोपऱ्यावर वेगमर्यादेचा फलक होता, त्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावरही वहिनींचं हसणं गेटापर्यंत ऐकू येत होतं, असं सेक्रेटरीसाहेबांची बायको अजून सांगते. खजिनदार म्हणतात, ते इंजिन होतं.